आत्याची जांभई

इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात माझ्या आत्याचं पान आहे. सुचित्राआत्या एके काळी लालबागची नावाजलेली कबड्डीपटू. तिच्या पकडीतून भल्याभल्या सुटत नसत. पान कुणा भल्या माणसानं लिहिलं, पण वर फोटो लावला तो आत्या जांभई देतानाचा. दोन वर्षांपूर्वीच्या सत्कारात भाषणं लांबली, तेव्हा टिपलेला. तोंड आ वासलेलं, आत कवळी दिसतेय.

"ह्यो फोटो काढून टाक गो," आत्या म्हणाली. मीही त्या कोशावर हौसेनं संपादन करते. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम.

आधी तिचा तरुणपणीचा, जर्सीतला फोटो चढवला. तो उडवला गेला, कारण स्टुडिओची परवानगी नाही. गिरगावातला तो स्टुडिओ कधीच बंद पडलाय, मालकही गेला. मग आत्याला चांगली साडी नेसवून, खिडकीपाशी बसवून मीच फोटो काढला. तो शरच्चंद्र नावाच्या जुन्या संपादकांनी काढून जांभई परत लावली. शिवाजी पार्कचे निवृत्त गृहस्थ, भाषा अगदी साजूक तुपातली. "ताई, हा ज्ञानकोश आहे, लग्नाचा अल्बम नव्हे. पोज दिलेली छायाचित्रं आपल्या शैलीत बसत नाहीत. शिवाय तुम्ही नातलग."

मी पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा काढला. माझं डोकंच फिरलं. चर्चापानावर लिहिलं, "तुमचा जांभई देतानाचा फोटो लावाल का?" त्यांनी शांतपणे कळवलं, की त्यांच्यावर लेखच नाही. आणखी चौघं चर्चेत उतरली. जांभईत सहजता आहे, असं एकाचं मत पडलं. शेवटी बदल थांबवायला पानाला कुलूप लागलं, जांभईसकट. भांडणार तरी कुणाशी? सगळे बिनपगारी राबणारे, सगळे नियमाला धरून, आणि आत्याविषयी वाईट कुणाच्याच मनात नाही.

परवा गल्लीतल्या मंडळानं तिच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स लावला, नाक्यावर, चांगला दुमजली. फोटो मागायला घरी कुणी आलं नाही. नेटवर होता ना! मला रडूच फुटलं. आत्याला दुसऱ्या वाटेनं न्यावं म्हणून धावले, तर ती आधीच फ्लेक्सखाली उभी. येणारे-जाणारे तिला वाकून नमस्कार करत होते, मग वर बघून हसू दाबत होते.

"मी मेल्यावर पण ह्योच फोटो ऱ्हवतलो?" तिनं विचारलं.

मी तिचा हात धरला.

"मढ्याचा पण तोंड मिटतत गो लोका," आत्या म्हणाली.