फाट्यावर थांबणारी दमणी

कळसाडी गावाच्या खळ्यात, कडब्याच्या गंजीला टेकून एका चाकावर कललेली जी गाडी दिसते, ती मी. माझ्यासारख्या गाडीला आमच्याकडे दमणी म्हणतात. दमणी म्हणजे माणसांना बसवून नेणारी हलकी बैलगाडी. आता मला कुणी जुंपत नाही. कोंबड्या माझ्या साटीच्या फळ्यांवर बसतात आणि पोरे माझ्या दांड्यांवर झोके घेतात. मित्रांनो, माझी हकिगत सांगण्याजोगी आहे की नाही, मला ठाऊक नाही. ती फारशी शौर्याची नाही. पण दुसरी कुठली हकिगत मला येत नाही.

माझे लाकूड तोरणमाळच्या बाजूचे आहे. सागाच्या दांड्या आणि बाभळीची चाके. सुताराने मला पावसाळाभर घडवले, लोहाराने चाकांवर तापलेली लोखंडी धाव चढवली आणि तिच्यावर पाणी ओतले, तेव्हा मी अशी करकचून आवळली गेले की आता आपण कधी मोडणार नाही, असेच मला वाटले. पितांबरभाऊंनी मला घरी आणले, तेव्हा त्यांच्या पत्नी तापीबाईंनी माझ्या जुवाला हळदकुंकू लावले. पितांबरभाऊ म्हणजे कापूस आणि ऊस पिकवणारे, मोठ्या आवाजाचे, मोठ्या भुकेचे शेतकरी. त्यांच्या जोडीतल्या एका बैलाचे नाव होते कोसा आणि दुसऱ्याचे बांडा. कोसा शहाणा होता. तो वळेल तिकडे बांडा वळे आणि बांड्यामागून मी.

दर बाजाराच्या दिवशी आम्ही शहाद्याला जात असू. वाटेत एक फाटा लागे. तिथे भटूभाऊंचे भज्यांचे छप्पर होते. भली मोठी कढई, शेव पाडायचा सोऱ्या, पळसाच्या पानांचे द्रोण. वारा आमच्या दिशेने असला की वास आधी पोचे आणि छप्पर मागाहून दिसे.

"या पितांबर भाऊ! तेल तपेल शे, मिरच्या बी ताज्या शेतस!" भटूभाऊ दुरूनच ओरडत.

"पहिली कढाई मन्ही, दुसरी गावनी!" पितांबरभाऊ तितक्याच मोठ्याने उत्तर देत.

खाऊन झाले की उरलेले एखादे भजे द्रोणासकट ते कोशापुढे धरत. "ले रे, तुन्हा वाटा." कोसा द्रोणही खाऊन टाकी. हळूहळू असे झाले की कासरा ओढावाच लागेना. फाटा आला की कोसा आपोआप थांबे, मान वळवी आणि छपराकडे बघत उभा राही. लोक कौतुक करत. त्या कौतुकात मलाही थोडा वाटा मिळे. ती वर्षे फार सुखाची होती.

महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कापूस वेचणीच्या दिवसांत पितांबरभाऊ बांधावर एकाएकी वाकले आणि त्यांना रक्ताची उलटी झाली. माझ्या साटीवर गोधडी अंथरून त्यांना शहाद्याला नेले. एरवी एवढे वजनदार वाटणारे पितांबरभाऊ त्या दिवशी मला फार हलके लागले. दवाखान्याच्या ओट्याशी मी उभी होते, म्हणून डॉक्टरांचे बोलणे मला ऐकू आले.

"पोटात व्रण झाला आहे," डॉक्टर म्हणाले. "तळलेले आणि तिखट आजपासून बंद. दूध, ताक, मऊ भात, ज्वारीच्या कण्या, दुधीची भाजी, एवढेच. हे पाळले तर बरे व्हाल. नाहीतर व्रण पुन्हा फुटेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

तापीबाईंनी ते मनावर घेतले. त्या दुधातल्या कण्या शिजवू लागल्या आणि स्वतःही तेच जेवू लागल्या. वाटेत तोंडात टाकायला ज्वारीच्या लाह्यांची पुरचुंडी माझ्या दांडीला बांधून बाजाराला स्वतःही सोबत येऊ लागल्या. घरी पितांबरभाऊ सगळे पाळत. त्यांच्या चेहऱ्यावर तजेलाही येऊ लागला. पण घर ते शहादा या वाटेवर फाटा होता आणि कोसा शहाणा होता.

पहिल्या खेपेला कोसा थांबला, तेव्हा पितांबरभाऊंनी नाकावर उपरणे दाबले, मूठभर लाह्या तोंडात कोंबल्या आणि त्याला पुढे हाकलले. मला वाटले, जिंकलो. दुसऱ्या खेपेलाही तसेच झाले. त्यापुढच्या खेपेला भटूभाऊ स्वतःच द्रोण घेऊन माझ्या चाकाशी आले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. आलेल्याला द्यायचे, एवढेच त्यांना माहीत. पितांबरभाऊंनी एक भजे उचलले.

"बैल थांबना, मी काय करू?" थांबलेल्या कोशाकडे बोट दाखवत, तापीबाईंकडे न बघता ते म्हणाले.

"बैल थांबना ते बैलले खावाडा. तुम्ही कसाले तोंड उघाडतस?"

भटूभाऊ हसले. तापीबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी देऊ नका."

"दारशी उना त्याले नही म्हनाले मन्ही जीभच वळत नही, वहिनी," भटूभाऊ खाली मान घालून म्हणाले. तेही माझ्यासारखेच, नाही म्हणता न येणारे, असे मला तेव्हा वाटले. माझे मत चुकीचेही असेल.

मग पितांबरभाऊंनी वाट बदलली. नदीच्या पात्रातून जायचे ठरवले. तिथे माझे चाक वाळूत असे रुतले की गावातली माणसे बोलवावी लागली. पुढच्या बाजाराला पुन्हा जुनी वाट. पुन्हा कोसा थांबला. पुन्हा एक भजे आणि मग एकाचे पुष्कळ. मी करकरत असे. वंगण संपल्यावर चाक करकरते, तशी नव्हे, मुद्दाम. पण गाडीच्या करकरण्याचा अर्थ कोण लावतो? फार तर तेल घालतात.

पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्यांदा रक्त पडले. या वेळी डॉक्टर रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त तापीबाईंना बाजूला बोलावले. परत येताना तापीबाई माझ्या कडेला डोके टेकून बसल्या होत्या. त्यांच्या पदराचा ओलेपणा माझ्या लाकडाला लागला.

दोन-चार दिवसांनी पितांबरभाऊ उठून गोठ्यात गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "हाऊ कोसाच मन्हा जीव लेई. जोडी इकस. नवी जोडी लेसू, तिले हाऊ फाटा माहीत नही."

तापीबाई उठून गोठ्याच्या दाराशी गेल्या. मग म्हणाल्या, "त्याले बोलता येत नही, म्हनीसन त्याले इकी ऱ्हायनात."

पण जोडी विकली गेली. मलाच जुंपलेले कोसा आणि बांडा बैलबाजारात गेले. तिथे त्यांच्या मानेवरचे जू काढले आणि माझ्या दांड्या जमिनीला टेकल्या. कोसा नव्या मालकामागे चालू लागला. तो वळून बघेल असे मला वाटले होते. पण गर्दीत तो मला दिसेनासा झाला. अजूनही माझ्या मनात येते की कुठल्या तरी परक्या वाटेवर भज्यांचा वास येत असेल, कोसा थांबत असेल आणि का थांबला म्हणून त्याच्या पाठीवर काठी पडत असेल. मी काही करू शकले नाही. काही करू शकले असते का, तेही मला कळत नाही.

त्याच बाजारात घेतलेली नवी जोडी तरुण होती. पहिल्याच बाजाराला फाटा आला. भटूभाऊंनी हात वर केला. बैलांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही, सरळ चालत राहिले. छप्पर मागे पडले, वास विरळ झाला. तापीबाईंनी सुस्कारा सोडला. "गया फाटा," त्या हळूच म्हणाल्या.

आणि ओढ्यावरची मोरी ओलांडल्यावर कासरा ताणला गेला.

बैल गोंधळले. त्यांना थांबायचे नव्हते. कासरा आणखी ताणला, मग एका बाजूला ओढला गेला. माझी चाके वळली. मला वळायचे नव्हते, मित्रांनो, पण चाकांना वळवाल तसे वळावे लागते. आम्ही फाट्यावर परत आलो. भटूभाऊंनी न बोलता द्रोण आणून दिला. पितांबरभाऊ तो हातात धरून बसले. तेल पानातून झिरपून त्यांच्या धोतरावर पडत होते.

"कोसानी कायच चूक नव्हती, पार्वतीनी माय," लेकीच्या नावाने तापीबाईंना हाक मारत ते म्हणाले. "थांबाडे तो हात मन्हाच व्हता."

असे म्हणून त्यांनी भजी खाल्ली. रडत खाल्ली. एवढा मोठा माणूस रडत खातो आहे आणि खाणे थांबवू शकत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिले. मी त्यांच्या खाली होते, एवढीच माझी मदत.

पुढच्या बाजाराला, फाटा दिसायच्या आधीच, पितांबरभाऊंनी बैल उभे केले आणि कासरा तापीबाईंसमोर धरला.

"धर. मन्हा हातमा ऱ्हायना ते मी थांबसू."

"भर रस्तामा? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. लोकेस्नं पोट नही दुखत."

आमच्या गावात तोपर्यंत कुठल्याही बाईने, नवरा गाडीत असताना, बाजाराच्या वाटेवर बैल हाकले नव्हते. तापीबाईंनी पदर कपाळावर ओढला आणि कासरा घेतला. पितांबरभाऊ मागे जाऊन, तोंड मागच्या बाजूला करून बसले. फाट्यावर माणसे होती.

"दखा रे दखा, पितांबर भाऊले बाई हाकी ऱ्हायनी!" एकजण ओरडला. "जू बी त्यासनाच खांदावर ठेवा!"

सगळे खदखदून हसले. पितांबरभाऊंनी दोन्ही हातांनी माझी कड धरली होती. इतकी घट्ट की मला वाटले, ती आता निघून येणार. वास आला. मी माझी जुनी कड जमेल तितकी ताठ ठेवली. तापीबाईंनी बैल थांबवले नाहीत.

तो दिवस गेला. सगळेच दिवस तसे गेले, असे मी म्हणणार नाही. कधीकधी ते चालत्या गाडीतून उडी मारून फाट्याकडे जात आणि मी त्यांची पाठ बघत राही. पण पुढच्या बाजाराला ते पुन्हा तापीबाईंपुढे कासरा धरत. आजही ते आहेत, वाळलेले आहेत आणि कण्या खातात.

मित्रांनो, उपदेश करायला मी योग्य नाही. तरी एवढे मागते. आपल्या हाताने केलेले मुक्या जिवाच्या माथी मारू नका. आणि कधी तुमच्या घरातले मोठे माणूस शरमेने मान खाली घालून तुमच्यापुढे कासरा धरील, तर हसू नका. माझ्यापाशी हात नाहीत. तुम्ही तो घ्या आणि फाटा मागे पडेपर्यंत सोडू नका.