एकोणचाळीस मिनिटं

अंकुशने शिफ्टचं बटण पाचव्यांदा दाबलं आणि बोट वर धरून वाट पाहिली. टीं असा आवाज झाला नाही. पडद्यावर करडा चौकोन आला नाही. त्याने पुन्हा पाच वेळा दाबलं, या खेपेला सावकाश, आणि पुन्हा तेच. खरं तर पहिल्या खेपेलाच त्याला काय ते कळलं होतं. आपलं चुकत असलं तर किती बरं होईल, म्हणून तो दाबून पाहत होता.

“चालू हाय ना?” अंजनाबाईंनी आतून विचारलं. “चालू असंल तर कोणाच्या तरी कामाले येईन. घेऊन जा बाबू. इथं कोणी हात नाई लावून राहिलं त्याले.”

“हो काकू, पाहून राहिलो,” अंकुश म्हणाला.

कॉम्प्युटर उचलून न्यायला म्हणूनच तो आला होता. त्याचं रिपेअरिंगचं दुकान नागपूरच्या लकडगंजात, इथून दोन गल्ल्या सोडून. अंजनाबाईंचे नवरे देवाजी रेल्वेच्या डाकगाडीत पत्रं वेगळी करायचे. बत्तीस वर्षं त्यांनी ते केलं. निवृत्तीनंतर झटका आला आणि उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डाव्या हाताने पेन धरलं तर स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. मग नातीने, प्रीतीने, पुण्याला शिकायला जाण्याआधी त्यांना कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं. देवाजी एका हाताने लिहायचे, अंजनाबाई पदराला हात पुसत येऊन वाचायच्या आणि वाचता वाचताच उत्तर द्यायच्या. दोन वर्षं त्या घरातला संसार असा पडद्यावर चालला होता. आठ महिन्यांपूर्वी मशीनमध्ये व्हायरस शिरला, अंकुशने दुकानात नेऊन फायली बाजूला काढल्या, फॉरमॅट मारला, आपल्या सीडीने विंडोज टाकून, फायली परत घालून संध्याकाळी दारात आणून दिलं. त्यानंतर तो आज येत होता.

देवाजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. घरामागच्या लाकूड कापायच्या आरामशीनचा आवाज सुरू होता, तिकडे तोंड करून.

जुन्या फायली काढून देऊ म्हणून अंकुशने ‘रोजचे’ नावाचा फोल्डर उघडला होता. चारशेवर फायली, प्रत्येकीला तारीख. दुसऱ्याचं वाचू नये हे त्याला कळत होतं, तरी एक उघडली. ‘अंजना, वरणात मीठ विसरलीस. मी मुकाट खाल्लं.’ त्याला हसू आलं, म्हणून दुसरी उघडली. ‘आज नवल झालं. चिडून शिफ्ट बडवत होतो. टीं वाजलं, चौकोन आला, मी एंटर दाबलं. आता शिफ्ट दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षरापर्यंत दाबलेलंच राहतं. मशीनला कळलं की मला एकच हात आहे.’

मग त्याने फॉरमॅटनंतरच्या फायली उघडल्या. अकराच होत्या. ‘किडकी ुगड.’ ‘पाट दुकते.’ आणि मग एकापाठोपाठ तीन फायलींमध्ये तेच: ‘सिप्ट गेलं. सिप्ट. सिप्ट.’ शेवटची फाइल कोरी होती.

मराठीतली निम्मी अक्षरं शिफ्ट दाबून धरल्याशिवाय येत नाहीत. ख नाही, घ नाही, ठ नाही. ‘शिफ्ट’ या शब्दातला श नाही आणि फ पण नाही. दोन बटणं एकदम दाबायला दोन हात लागतात, नाहीतर एका हाताची बोटं तरी मोकळी लागतात. हे लक्षात आलं तेव्हाच अंकुशने शिफ्ट पाच वेळा दाबून पाहिलं होतं.

लकडगंजात ‘अंकुशची सीडी’ हा शब्द चालायचा. विंडोज एक्सपीची कंपनीची मूळ सीडी जुनी. ती टाकली की मग सर्व्हिस पॅक टाका, मग शंभरावर अपडेट एकेक करून टाका, तोवर गिऱ्हाईक चार वेळा फोन करणार. अंकुशने तीन रविवार घरी बसून हे सगळं मूळ सीडीतच मिसळून टाकलं. सर्व्हिस पॅक आत, अपडेट आत, विचारायच्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा आधीच भरलेली. सीडी घातली, बाहेर पानठेल्यावर जाऊन आलं की मशीन तयार. बायकोला हे समजावून सांगताना तो इतका रंगात आला होता की तिने शेवटी विचारलं, लग्न हिच्याशीच करायचं होतं का.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण ते मिसळायचं सॉफ्टवेअर एक यादीही दाखवायचं: नको ते काढून टाका, सीडी हलकी करा. फॅक्स काढला. परदेशी कीबोर्ड काढले. मग व्हीलचेअरचं छोटं चित्र असलेली एक ओळ आली, अपंगांसाठीच्या सोयींची. गेम पार्लरची पोरं त्याच सोयीला शिव्या घालायची. खेळताना शिफ्ट बडवलं की मध्येच टीं वाजायचं आणि डाव हातचा जायचा. नागपुरात कोण वापरतं हे, असं म्हणत अंकुशने तेव्हा तीही ओळ काढून टाकली होती. मोठ्याने म्हणाला होता, खोलीत एकटा असून. ते वाक्य आता त्याला जसंच्या तसं ऐकू आलं.

“काकू, आज नेत नाई मी,” तो उठत म्हणाला. “उद्या येतो. याच्यात एक फॉल्ट हाय, तो काढून देतो.”

“काहून गा? काढून का करू? लिहिणाराच नाई राहिला तसा.”

तो चपला घालत होता. देवाजींनी मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. अंकुशने चपलेचा पट्टा लागत नसल्यासारखा खाली वाकून घेतला.

दुसऱ्या दिवशी दहाला तो आला तो मूळ सीडी घेऊन, कपाटाच्या तळातून काढून पुसलेली. काय करायचं ते त्याने ठरवलं होतं. मुकाट्याने सगळं नीट करून द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत, व्हायरस होता म्हणायचं. म्हातारा लिहू लागला म्हणजे झालं. कोण काय विचारतं?

सीडी फिरू लागली. निळ्या पडद्यावर डाव्या बाजूला आकडा आला: अजून एकोणचाळीस मिनिटं. अंकुशच्या सीडीत हा आकडा लवकर पळायचा आणि तो पाहायला अंकुश तिथे नसायचाच. आज आकडा हलता हलेना. अंजनाबाईंनी तांदळाचं ताट घेतलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर निवडत बसल्या.

“तुले सांगतो बाबू,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, जणू देवाजींना ऐकू जाणार नव्हतं. “मीच केलं हे.”

“काय काकू?”

“ज्या दिवशी तू हा डब्बा आणून देल्ला ना, त्या सांजेले आमचं भांडण झालं. पोराले फोन काहून नाई केला, म्हणून हे खुणा करून माह्यावर चिडले. मीबी थकली होती. मी म्हटलं, हात गेला, तोंड गेलं, आता हा डब्बाबी जाऊन जाऊ द्या, तेवढीच शांती भेटन मले.” त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. “दुसऱ्या दिवशी सकाळी लिहाले बसले तं सगळं मोडकंतोडकं. लहान लेकरू बोबडं बोलते तसं. रामदासपेठेत डॉक्टरले दाखवलं. तो म्हणे दुसरा बारीक झटका आला असंल, फोटोत दिसत नाई. कीबोर्ड आपटत होते, तं झोपेच्या गोळ्या देल्ल्या. झटका कायचा आला, मले माहीत हाय. माह्या तोंडानं आला.”

अंकुशने पडद्याकडे पाहिलं. तेहतीस.

बोलावं, असं त्याला वाटलं. तोंडही उघडलं. पण काय म्हणायचं, कोणत्या शब्दापासून सुरू करायचं? मी तुमच्या नवऱ्याची वाचा काढली, कारण पोरांना गेम खेळताना त्रास होत होता? तो म्हणाला, “असं नसते काकू,” आणि गप्प बसला. आपलं गप्प बसणं किती सोयीचं आहे हे कळत असतानाही तो गप्प बसला, आणि त्याची त्याला लाज वाटली.

“तेव्हापासून भरवतो मी यायले. अंघोळ घालतो. हे पाहा चिऊ आली, असं बोलतो. डॉक्टर म्हणे समजत नसंल तं सोपं बोलत जा.” त्यांनी ताट हलवलं. “पाहतात माह्याकडे नुसतं.”

सत्तावीस. सव्वीस. आरामशीनवाल्यांनी चहाची सुट्टी केली आणि एकदम शांत झालं. देवाजींची मान खिडकीकडेच होती, पण डावा हात गुडघ्यावर घट्ट वळला होता.

विंडोज सुरू झालं तेव्हा अंकुशने मराठी कीबोर्ड टाकला आणि खुर्चीसकट देवाजींना टेबलाजवळ आणलं.

“काकाजी,” तो म्हणाला, “शिफ्ट पाच वेळा.”

देवाजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग डावा हात उचलला आणि बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच. टीं झालं. चौकोन आला. त्यांनी एंटर दाबलं, कुणी न सांगता.

मग शिफ्ट. मग एक अक्षर. पडद्यावर ख उमटला. देवाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग आणखी टाइप करत गेले, चुकले, खोडलं, पुन्हा केलं. ‘खिडकी उघड अंजना.’

अंजनाबाईंच्या हातातलं ताट कलतं झालं. त्यांनी ओळ वाचली, ओठ हलवत पुन्हा वाचली. “माय वं!” त्या म्हणाल्या. “बरे झाले! गोळ्या लागू पडल्या!” त्यांनी अंकुशचा हात दोन्ही हातांत धरला. “का तुह्या हाताले गुण हाय, बाबू? सांग ना!”

अंकुशने हात सोडवून घेतला नाही. अख्ख्या आयुष्यात इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं. त्या डोळे पुसत खिडकी उघडायला वळल्या, खिट्टी अडकली होती तिच्याशी झटू लागल्या.

देवाजींनी लिहिलं: ‘कुठे होतं इतके दिवस?’

अंकुश त्यांच्या कानाशी वाकला. “माह्या सीडीत नव्हतं, काकाजी. मीच काढलं होतं. कोणाले लागत नाई वाटलं.”

देवाजींनी बोट पुन्हा बटणांवर ठेवलं. ते शिवी लिहितील असं अंकुशला वाटलं, आणि लिहावी असंही वाटलं. देवाजींनी दोनच शब्द लिहिले. ‘हिला सांग.’

“काय लिहिलं?” अंजनाबाईंनी खिडकीकडूनच विचारलं. “माह्या डोळ्यांत पाणी हाय, दिसत नाई. वाच बरं तू.”

काहीही वाचता आलं असतं. चहा मागतात म्हणता आलं असतं. अंकुश उभा राहिला आणि जसं लिहिलं होतं तसं वाचलं. मग सांगितलं. नीट सांगता आलं नाही; सीडीपासून सुरू केलं, गेम पार्लरपर्यंत गेला, परत आला. शेवटी म्हणाला, “झटका नव्हता आला काकू. तुमच्या बोलण्यानं काहीच झालं नाई. शिफ्ट गेलं, शिफ्ट गेलं, असंच लिहून राहिले होते ते. माह्यामुळं ते कोणाले वाचता नाई आलं.”

अंजनाबाई खाली बसल्या. त्यांनी अंकुशकडे पाहिलंच नाही.

“तुमाले समजत होतं सगळं?” त्यांनी देवाजींना विचारलं. “चिऊ आली म्हणत होती ते? तोंड पुसून देत होती, ते?”

देवाजींनी मान हलवली. होय.

अंजनाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरला. अंकुश शिव्यांची वाट पाहत उभा होता. त्या मिळाल्या असत्या तर तो घेऊन निघून गेला असता.

“अजून किती घरी टाकली तू ते सीडी?” अंजनाबाईंनी विचारलं.

त्याला प्रश्नच आधी कळला नाही. “लई ठिकाणी, काकू. दोन-अडीच वर्षं झाले. दुसऱ्या दुकानवाल्यांनीबी कॉपी करून नेली.”

“अन् त्या घरी कोण कोण हाय, माहीत हाय तुले?”

अंकुशने मान हलवली. नाही.

त्या उठल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून त्यांनी उलटं केलं, टेबलावर ठेवलं, वर पेन ठेवलं. “मी चहा मांडतो,” त्या म्हणाल्या. “तू बस. आठवन तेवढं लिहून काढ.”

अंकुशने टोपण काढलं. पहिलं नाव लिहिलं, कळमन्याच्या बाजारातल्या एका दलालाचं. मग गरोबा मैदानाजवळच्या शिकवणीच्या बाईंचं. तिसरं घर त्याला स्पष्ट दिसत होतं: हिरवं दार, बाजूला तुळशीची कुंडी, आतून कुणीतरी खोकलेलं. कोण खोकलं होतं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने तेवढंच लिहिलं, हिरवं दार, आणि चौथं आठवू लागला.