हाळी न देता

डाव्या काचेवर चरा होता. बारीक, तिरपा, नखानं ओढल्यासारखा. इंद्रजितनं चष्मा खिडकीकडं धरला तेव्हा दिसला, आणि त्याच्या मनात आधी हेच आलं की हा पहिल्यापासून होता का, की पेटीत लग्नपत्रिकांखाली, जुन्या चार्जरांखाली घासून घासून झाला. काळ्या प्लॅस्टिकचा, जाड काड्यांचा चष्मा. थेटरातनं बाहेर पडताना दाराशी टोपलं ठेवलेलं, सगळे त्यात टाकत होते. त्यानं खिशात घातला. पंधरा वर्षं झाली. ही चोरी त्यानं त्याच दिवशी स्वारगेटला, एसटीत बसल्या बसल्या शाकिरला सांगून टाकली होती, हसत हसत, आणि शाकिर म्हणाला होता, "चोर हायस लेका तू." आणि दोघं कात्रजच्या घाटापर्यंत हसत होते. लहान गोष्ट सांगून टाकली की मोठी मागं राहते, हे तेव्हा कळत नव्हतं. किंवा कळत होतं.

"काय शोधतुयास मगाधरनं?" आई. बनाबाई डबा भरत होती.

"गाडीचं आरसी बुक."

"मग ते काय त्यो चष्मा लावून गावतंय व्हय?"

आरसी बुक हातातच होतं. त्यानं चष्मा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, डबा घेतला, गाडीला किक मारली. भोंगवलीच्या बाहेर पडेपर्यंत शाकिरचा सकाळचा फोन कानात होताच.

"इंद्या, उठलास का? त्या पिक्चरचा दुसरा भाग आलाय. रविवारी जायचं."

"कोण कोण?"

"मी, तू, यास्मिन. सहा वर्साची पोरगी, पण तिला थ्रीडीच पायजे. साधा नको म्हणती, साधा घरी बी दिसतो."

"मग जा की घिऊन."

"तू पायजेस शेजारी. मला कुठं कळतंय धोंडा कधी येतो ते! मागल्या टायमाला तुझ्याकडं बघून वाकत हुतो मी." शाकिर हसला. खराच हसला. "आता पोरगी इचारनार ना, अब्बू, तुमी का न्हाई वाकला?"

"...बघतो. शिफ्ट हाय का बघतो."

"बघतो काय बघतो! तिकिटं काढली."

तुझ्याकडं बघून. वर्व्याच्या कंपनीपर्यंत पाऊण तास हायवे, ट्रकवाले, उसाचे ट्रॅक्टर, सर्व्हिस रोडला उलटा येणारा एक दूधवाला, ज्याला त्यानं शिवी द्यायला पाहिजे होती आणि दिली नाही. कारण डोक्यात थेटर होतं.

आपण दोघं पंधरा वर्षांचे. दहावीची सुट्टी. एवढं थंडगार थेटर आयुष्यात पहिल्यांदा. खुर्ची मागं झुकते म्हणून शाकिर सारखा मागंपुढं करत होता, मागच्या बाईनं दटावलं तेव्हा गप्प बसला. मीच नेलं होतं त्याला. मीच म्हणालो होतो, साधा नको, थ्रीडी बघू, अंगावर येतं म्हणतात सगळं. आणि ठरवून नेलं होतं. इंटर्व्हलला सांगायचं, समोशाचा कागद हातात असताना, बाकीची माणसं आजूबाजूला असताना, म्हणजे त्याला फार चिडता येणार नाही... पंधराव्या वर्षी माणूस असा हिशोबानं विचार करतो का? मी केला होता.

पिक्चर सुरू झाला. एक ग्रह, त्याच्याभोवती दगडांचं कडं, आणि ते कडं फुटतं. आवाज आधी बंद होतो. मग पडद्याच्या पार आतनं एक दगड निघतो — बारका, मोहरीएवढा, मग लिंबाएवढा, फिरत फिरत, आणि मग तो पडद्यातनं बाहेर येतो. पुढच्या ओळीतल्या टकुऱ्यांच्या वर येतो. माझ्या नाकापुढं येतो. सगळं थेटर एका झटक्यात खाली वाकलं, बायका ओरडल्या, मी गुडघ्यात डोकं घातलं आणि त्याच क्षणी, खाली वाकलेलो असतानाच, डावीकडं बघितलं...

शाकिर ताठ बसलेला. पडद्याकडं बघत. दोनशे माणसांत एकटा ताठ. मग त्यानं आजूबाजूला बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग वाकला.

"बघितलंस का?" मी विचारलं.

"व्हय की," तो म्हणाला. "अंगावरच आला धोंडा."

त्यानंतर दगड चार-पाच वेळा आले. दर वेळी तो वाकला. दर वेळी जरा उशिरा.

इंटर्व्हलला मी समोसा खाल्ला.

गेटवर कार्ड दाखवून इंद्रजित आत गेला. कंपनीचा चष्मा डोळ्याला, हातमोजे. त्याचं काम चेकिंगचं. मशीनमधनं प्लॅस्टिकची झाकणं येतात, एकेक उचलायचं, ट्यूबलाईटकडं धरायचं, चरा असला की लाल क्रेटमध्ये. हात आपोआप चालतात. डोकं मोकळं राहतं, हीच पंचाईत. हितंच, ह्याच कंपनीच्या कँटीनमध्ये, चार वर्षांमागं, मोबाईलवर काहीतरी बघता बघता तो व्हिडिओ पुढं आला होता. थ्रीडी कसं चालतं. एका डोळ्याला एक चित्र, दुसऱ्याला दुसरं, जरासं वेगळं, आणि डोक्यात दोन्ही जुळली की वस्तू पडद्यातनं पुढं येते. ज्याला एकाच डोळ्यानं दिसतं त्याच्यासाठी ती पडद्यावरच राहते. दोन मिनिटांचा व्हिडिओ. त्यानं तो तीनदा बघितला आणि डबा तसाच बंद केला.

शाकिरचा डावा डोळा आहे. दिसायला बरा आहे, लांबनं कळत पण नाही. फक्त त्यातनं दिवस आहे का रात्र एवढंच कळतं.

भोरमध्ये त्याचं आता लग्नाच्या शूटिंगचं काम चांगलं चालतं. नवरीकडच्या मंडळींना हसवायला म्हणतो, "सगळे फोटोवाले एक डोळा झाकून बघत्यात, माझा अल्लानं आधीच झाकून दिलाय." लोक हसतात. इंद्रजितही हसतो. पण शाकिरला कॅमेरा नको होता, शाकिरला एसटी पाहिजे होती. त्याचे अब्बा, जहांगीरचाचा, भोर डेपोला ड्रायव्हर. रविवारी त्यांच्याच गाडीनं शाकिर भोंगवलीला यायचा, केबिनला चिकटून उभा, हवेत स्टेअरिंग फिरवत, तोंडानं गिअरचे आवाज काढत. डोळा गेल्यावरही यायचा. पण चाचा त्याला म्हणायचे, "मागं बस, खिडकीत बस." एवढंच. आणि तो मागं बसायचा.

लाल क्रेटमध्ये चांगलं झाकण पडलं. त्यानं ते काढलं नाही.

आता ते. ते आजवर तो नीट आठवत नाही, एका ठराविक जागेपासून सुरू करतो आणि ठराविक जागी थांबवतो. दहा वर्षांचा होता. जोंधळा दाण्यात आलेला, डोक्याच्या वर उंच. मध्ये चार मेढींचा माळा, त्यावर उभं राहून पाखरं हाकायची. वडिलांचा, आनंदरावांचा, नियम एकच. हाळी दिल्याबिगर गोफण फिरवायची न्हाई. जोरात "हाऽऽहो" ओरडायचं, दम धरायचा, रानात कुणी असलं तर ते खाली बसतं, मग धोंडा सोडायचा. गावात सगळ्यांचंच असं. जोंधळ्यात माणूस दिसत नाही ना.

पण हाळी दिली की राघू उडून जातात. आणि राघूंचा थवाच्या थवा बांधाच्या कोपऱ्यात उतरलेला, आणि मला एक तरी पाडून शाकिरला दाखवायचा होता. शाकिर विहिरीवर पाणी प्यायला गेला होता.

विहिरीवर गेला होता. वीस वर्षं हे वाक्य असंच आहे. जाऊन किती वेळ झाला होता? विहीर कुठल्या अंगाला? आणि राघू त्याच अंगाला होते की नाही? तो परत येत असेल असं तुझ्या मनात आलं नव्हतं, इंद्रजित? की आलं होतं आणि गोफण तोवर दोनदा फिरलेली होती?

फट् आवाज आला. राघू उडाले. एकही पडला नाही.

मग जोंधळा हलला. शाकिर डोळ्यावर हात दाबून बाहेर आला, बोटांमधनं रक्त. इथवर आठवायचं, आणि मग एकदम भोरचा दवाखाना, त्याची आई बानोचाची भिंतीला टेकून बसलेली, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, धाटाचं टोक लागलं, पळत येताना जोंधळ्याच्या धाटाचं टोक लागलं पोराला.

साडेचारला शिफ्ट सुटली. परत येताना भोंगवलीच्या अलीकडं त्यानं गाडी बांधाला लावली. आता माळे नाहीत. जोंधळ्यावर चमकीच्या पट्ट्या ताणलेल्या, वाऱ्यानं फडफड वाजतात, पाखरं पहिले चार दिवस घाबरतात. त्यानं खिशातला चष्मा काढून लावला. डावा डोळा मिटला. जोंधळा तसाच. पट्ट्या तशाच. फक्त जवळचं आणि लांबचं एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखं झालं... हात पुढं केला तर कणीस वाटलं त्याच्या अलीकडंच लागलं.

आणि मधली ती जागा, जिथं तो नेहमी थांबतो, ती आज थांबली नाही.

शाकिर बाहेर आला. माळ्याखाली उभा राहिला. मान वर केली. उघड्या डोळ्यानं त्यानं आधी माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघितलं. गोफण अजून बोटात अडकलेली, लोंबत. आणि मी काही विचारायच्या आधी, "काय झालं" असं सुद्धा तोंडातनं निघायच्या आधी, तो म्हणाला, "धाट लागलं रं."

मी विचारलंच नव्हतं.

इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्याकडं एक गोष्ट आहे जी त्याला माहीत नाही. मी ती जपली. कधीतरी सांगू, रडू, तो शिव्या देईल, मिटेल. आणि तो दहा वर्षांचा असल्यापासून... थेटरात ताठ बसलेला, मग माझ्याकडं बघून वाकलेला. मला बरं वाटावं म्हणून. की त्याला सगळं माहीत आहे हे मला कळू नये म्हणून. आणि आता भोरमध्ये बसून रविवारची तिकिटं काढलीत.

चष्मा काढला तरी डोळा लवकर उघडेना. मागनं सगुणाबाई शेळ्या घेऊन चालली होती, थांबली. "काय रं इंद्रजिता, डोळ्यात काय गेलं का?"

"न्हाई काकी. काय न्हाई."

त्याच्याही तोंडातनं तसंच निघालं, पटकन. तिनं विचारायच्या जरा आधी निघालं असतं तर अगदी शाकिरच्या धाटासारखं झालं असतं.

ती गेली. पट्ट्या वाजत होत्या. रविवारी मध्ये यास्मिन बसेल, नाहीतर अलीकडं. पडद्याच्या आतनं मोहरीएवढा दगड निघेल, आणि शाकिर दगडाकडं नाही, माझ्याकडं बघेल, उजव्या डोळ्यानं, कधी वाकायचं ते कळावं म्हणून. नुसतं वाकून चालणार नाही. पोरगी बघत असेल. ह्या खेपेला आधी सांगावं लागणार, दगड यायच्या आधी, तोंड उघडून. आला, वाक. एवढंच, दोन शब्द. त्यानं ते जोंधळ्याकडं तोंड करून म्हणून बघितले, हळू, आणि एकदा तोंड उघडलं की बोलणं पिक्चरमधल्या दगडापाशीच थांबेल, गोफणीच्या धोंड्यापर्यंत जाणार नाही, असं त्याला वाटेना.