दोन काठांची मोजपट्टी

"मोठ्यानं म्हण! पलीकडच्या काठाला ऐकू गेलं, तरच तो आकडा खरा."

माझ्यावर पहिले आकडे रंगवणाऱ्या रंगाऱ्याचा हा आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. मित्रांनो, मी नदीच्या मधोमध उभी असलेली एक जुनी मोजपट्टी आहे. डावा काठ एका देशाचा, उजवा दुसऱ्याचा. वरचं धरण डाव्या देशाच्या हाती. पाणी माझ्या चाळिसाच्या खुणेखाली गेलं की धरणाचं दार उघडायचं, असा करार होता. रोज सकाळी डावा मोजणीदार आकडा ओरडायचा. उजवा आपल्या बाजूनं बघून "बरोबर!" म्हणायचा. मगच तो आकडा दोन्ही वह्यांत चढायचा.

आवाजाला आवाज जुळता जुळता सोयरीकही जुळली. डाव्या मोजणीदाराची लेक उजव्याच्या घरी सून होऊन गेली. "काय व्याही, आज घसा बसलाय की पाणी?" अशी थट्टा लाटांवरून ये-जा करी. लांबलांबचे पाहुणे येऊन माझं कौतुक करीत.

पुढे माझ्या उजव्या अंगावरचे आकडे पुसले गेले. रंग कोणत्या देशाचा लावायचा, यावर पत्रांमागून पत्रं गेली. रंगाचा डबा काही आला नाही. उजवे व्याही नुसत्या आवाजावर "बरोबर!" म्हणू लागले.

तीन उन्हाळे आकडा चाळीसच राहिला, आणि धरणाचं दार बंदच.

"व्याही, नदी आटल्यासारखी दिसते हो!"

"उन्हानं तसं वाटतं," डावे व्याही म्हणत.

उजवीकडची शेतं करपली. सून दोन कोस पाण्याला जाऊ लागली.

एका सकाळी देशोदेशींचे प्रतिनिधी माझ्याजवळच्या पुलावर जमले. साऱ्या जगाचं एक सरकार कसं उभं राहील, हा विषय. राजधानी कुठे, झेंडा कोणता, यावर बरंच बोलणं झालं. मग एका बाईंनी दोघा मोजणीदारांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, होईल?"

"न व्हायला काय झालं?" उजवे व्याही हसले. "मला पट्टी दिसत नाही. व्याही सांगतात, मी लिहितो. एवढं सगळ्यांना जमलं की झालंच की सरकार!"

डावे व्याही माझ्याकडे बघत राहिले.

मित्रांनो, मला दोन्ही अंगांनी रंगवा. रंग कुठलाही चालेल. पण माझा आकडा शेवटी माणसाच्याच तोंडून निघतो. त्या तोंडाचीही काळजी घ्या.

"व्याही!" डावे व्याही ओरडले, रोजच्यासारखे, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असे. "धरणावरच्या साहेबांचा हुकूम होता, म्हणून चाळीस म्हणत आलो. तीन उन्हाळे पाणी एकतिसाच्या वर गेलेलं नाही. लिहा... एकतीस."