राखलेला तीळ

मी सुरी बोलतेय. दचकू नका, भाजी चिरणाऱ्यांतली मी नव्हे. मी कॅनव्हासवरचा ओला रंग खरवडते. पातं लवचिक, मूठ लाकडी आणि तोंड, खरं सांगते, जरा फटकळ.

माझा मालक चित्रकार. त्याची रीतच उफराटी. समोर माणूस बसवायचा, हुबेहूब रंगवायचा आणि मग मला हाती घ्यायचं. खांदे, गाल, कपडे खरवडून मी त्यांचे नुसते रंगाचे पट्टे करायचे. पण एक जागा तो राखायचा. वडिलांच्या चित्रात अंगठा राखला, बहिणीच्या चित्रात कान. म्हणायचा, "एवढं राहू दे. इथूनच माणूस ओळखायचा." आणि लोक खरंच ओळखायचे.

बायकोची तर त्यानं बारा चित्रं केली. प्रत्येकात हनुवटीवरचा तीळ राखलेला.

"बाकीची मी कुठे गेले हो?" ती चिडवायची.

"तिळातच आहेस की," तो म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र माझ्या मनात पाल चुकचुकतेय. हात तोच, पण पकड बदलली. पूर्वी तो ठरवून खरवडायचा, आता चाचपडत खरवडतो. मेव्हण्याचं चित्र केलं, त्यात काहीच राखलं नाही. पाहुण्यांनी वाहवा केली, "आता तुम्ही पूर्ण अमूर्ताकडे वळलात!" अहो, कसलं अमूर्त! त्याला मेव्हण्याचा चेहराच सापडत नव्हता. तासभर शोधला आणि मग वैतागून मला फिरवलं. हे मला ठाऊक आणि बायकोला. त्या दिवशी पातं लख्ख झालं तरी ती मला पुसतच राहिली.

आज तीच हट्टानं खुर्चीत बसली, तेराव्या चित्रासाठी. त्यानं तीळ आधी रंगवला, अगदी जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. मग चेहरा रंगवला. पाहिला, पुन्हा पाहिला आणि मला उचललं. कपाळ गेलं, डोळे गेले, ओठ गेले.

"तीळ राखाल ना?" तिनं विचारलं. आवाज हसरा ठेवला होता बिचारीनं.

तो थांबला. चित्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "हा डाग कसला पडलाय, कळत नाही. काढूनच टाकतो. तुम्ही बसा जरा, माझी बायको येईलच एवढ्यात."

माझं पातं तिळाला टेकलंय. रंग अजून ओला आहे. मला नाही म्हणता येत नाही, हात नेईल तिकडे जायचं हा माझा जन्म. ती खुर्चीतून उठलीय. अगं, बघत काय राहिलीस? धाव, त्याचा हात धर!