बायनाबाईंच्या म्हशीचं दूध

किटलीचं झाकण टण्णकन वाजलं आणि पहाटेच्या सामसूम घरात मी मागच्या दाराशीच थिजले. समोर बाजेवर हाना उठून बसलेली. मांडीवर वही, शेजारी तो बोटाएवढा रेकॉर्डर, त्याचा तांबडा दिवा चालू.

"ताई, दूध घेऊन बाहेरून आलात? म्हैस तर गोठ्यात आहे."

"झोप की गं तू," मी म्हटलं.

हाना लांबच्या झेक देशातली. मराठी शिकायला पुण्याच्या एका संस्थेत आलेली. शेवटचे दोन महिने गावात, आमच्या घरी. आता चारच दिवस उरले होते. रविवारी तिच्या मॅडम येणार, दूध सोसायटीच्या हॉलमध्ये ती गावासमोर बोलणार, आमच्या घरातले आवाज ऐकवणार. तीच तिची परीक्षा.

आमच्या घरात लपवण्यासारखी गोष्ट एकच. आमची म्हैस चंद्री सहा महिन्यांची गाभण, पण चाऱ्यावाचून वेळेआधीच आटली होती. दुष्काळात सोसायटी चारा द्यायची, तो दूध घालणाऱ्या सभासदालाच. पंधरा दिवस दूध बंद, की चारा बंद. शेजारच्या बायनाबाईंची म्हैस दुभती, पण त्या सभासद नाहीत. म्हणून त्यांचं दूध आमच्या नावावर घालायचं आणि चारा निम्मा निम्मा वाटून घ्यायचा. माझा नवरा बंकट ऊसतोडीला गेलेला. चारा तुटला असता तर तो परतायच्या आत चंद्रीचं दावं रिकामं झालं असतं.

हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनाही नाही, धार काढायला मीच जायचे. त्या दिवशी सकाळी बोलून गेले ती हानाजवळच. 'आटणं' म्हणजे काय ते तिला समजावत होते, मांडीवर माझी चार वर्षांची कार्तिकी, तिला थोपटता थोपटता. बोलून झाल्यावर पाहिलं तर दिवा तांबडा.

त्याच दिवशी ती सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांच्या ऑफिसात अर्धा तास बसून आली. हॉल मागायला गेले होते, म्हणाली. हॉल मागायला अर्धा तास?

"दोन मैने आपली भाकर खाऊन वहीत लिवती तरी काय?" सासूबाई म्हणाल्या.

"आपली भाषा शिकती, आत्याबाई."

"शिकू दे की. पर जगात येवढ्या भाषा हायेत, आपलीच कावून?"

दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेले तर मोहनराव हसत म्हणाले, "वहिनी, तुमची पाव्हणी लई हुशार बरं का! गाभण म्हैस किती दूध देती, कवा आटती, समदं इचारत होती." माझ्या हातातली किटली मापात नीट रिकामी होईना.

शनिवारी दुपारी हाना मोरीत गेली. दोन तांब्यांत तिची आंघोळ उरकायची, तेवढाच वेळ. सकाळीच टँकर येऊन गेलेला, रांजण काठोकाठ भरलेला. मी वरची ताटली उचलली आणि रेकॉर्डर आत सोडला. कार्तिकी उंबऱ्यावर बाहुलीला न्हाऊ घालत होती, कोरडंच. तिचं लक्ष बाहुलीकडं होतं, असं मला वाटलं.

हानानं सगळ्या गोधड्या झटकल्या. मीही तिच्याबरोबर कणगीमागं वाकून पाहिलं.

"मिळेल ना, ताई?"

"मिळंल की. जातोय कुठं?"

रविवारी हॉल भरला. हाना रिकाम्या हातानं उभी राहिली. "आवाज हरवले," ती म्हणाली, "आता मी तोंडानं सांगते." टँकरची रांग सांगितली, कपिलधारचा कोरडा धबधबा सांगितला, सासूबाईंच्या शिव्या तर अशा सांगितल्या, की बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाली, "ताईंच्या घरात एक म्हैस आहे."

मी मोहनरावांकडं पाहिलं.

"चंद्री. सकाळी अडीच लिटर दूध देते. मी रोज बघते." मोहनरावांनी मान डोलावली. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. हानानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी तिची जीप आली. मी लेकीसारखी तिची ओटी भरली. खण, गहू, खोबऱ्याची वाटी.

"ताई, म्हशीचं तुम्ही बोललात ना, ते मी त्याच दिवशी पुसलं होतं," ती हळूच म्हणाली. "मोहनरावांना विचारून घेतलं, खोटं बोलताना चूक नको म्हणून."

मी तिच्या ओटीतले गहू सारखे करत राहिले.

"रेकॉर्डरचं वाईट एवढंच वाटतं, त्यात तुमची अंगाई होती. कार्तिकीला झोपवताना म्हणता ती. ती मला घरी न्यायची होती."

कार्तिकीनं माझा पदर ओढला.

"आई, मावशीला रांजणातनं काढून दे की. तूच टाकलं ना त्याच्यात? कावून टाकलं गं?"