तक्त्यात न घेतलेली रेघ

यांच्या प्रबंधातल्या रेघा मी मोजत होते, आधी यांना वेळ नसायचा म्हणून, पुढे यांचा हात थरथरायला लागला म्हणून. बाहेर हे कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात सगळ्यांना वाटायचं, बायकोचं बी.एस्सी. वाया जाऊ नये म्हणून बाळकृष्ण सरांनी तिला कामाला लावलंय.

काम असं होतं. काचेच्या नळीत थोडासा नायट्रोजन भरायचा आणि तापलेल्या तारेतून निघणारे इलेक्ट्रॉन त्यावर आदळवायचे. मग तो वायू प्रकाश टाकतो. त्यातला जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा भागच यांना हवा होता. क्वार्ट्झच्या खिडकीतून तो बाहेर पडतो आणि फोटोच्या प्लेटवर बारीक काळ्या रेघा उमटवतो. रेघ कुठे आहे ते मायक्रोस्कोपखाली बघायचं, किती काळी आहे ते नमुन्याच्या पट्टीशी ताडून अंक द्यायचा. नळी हे चालवायचे. मी दुपारी रामबागेतल्या घरी प्लेटी मोजायची. कमल, आमची चार वर्षांची, सारखी "आई, मला बघू दे" करत मांडीत शिरायची. नोव्हेंबरात एकदा तिचं तेलकट बोट प्लेटवर उमटलं, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "अहो, हिला दुपारची तुमच्याबरोबर नेत जा. तिथे खेळेल."

ते वाक्य माझं होतं. आधीच लिहून टाकते.

जानेवारीपासून प्रत्येक प्लेटवर एक रेघ अशी यायची, जी नायट्रोजनची नव्हती. मोजपट्टीवर २५३७ या आकड्याशी.

"ही कुठली हो?"

"पाऱ्याची. अशुद्धी आहे, सोडून दे. तक्त्यात घ्यायची नाही."

"पण नळीत पारा आला कुठून?"

"अगं, प्रयोगशाळेत पारा कुठे नसतो? आग्रा विद्यापीठाचे परीक्षक काय कमी आहेत, की घरात आणखी एक?"

हसले. कप दोन्ही हातांनी धरलेला, तरी बशीत वाजत होता.

मी ती रेघ तक्त्यातून गाळली. पण माझी सवय वाईट. कमलच्या नावाची एक वही आहे, तिच्यात मी तिचं वजन, ताप, काय खाल्लं, काय ओकली, सगळं मांडते. सासूबाई म्हणायच्या, "पोर आहे की प्रयोग?" त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी त्या रेघेचा काळेपणा टिपत गेले, नुसताच. डिसेंबर: नाही. जानेवारी: दोन. मार्च: चार. मे: नऊ.

मे महिन्यात एकदा कमलच्या तापाची तारीख शोधताना पुढची पानं चाळली. १९ जानेवारी: यांच्या हातून आमटी सांडली. ८ मार्च: कमलवर ओरडले, मग स्वतःच रडले. असे कधी नव्हते. २ मे: हिरड्यांतून रक्त, सही तीनदा करावी लागली. मी मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं, परत मागचं. दोन्हीकडचे महिने तेच होते.

तशीच कॉलेजात गेले. प्रयोगशाळेचा हरी दाराशीच बसला होता. हे वर्गावर होते.

"हरी, संक्रांतीच्या सुमारास खोलीत काही झालं होतं का?"

"कुछ खास नहीं, बाईसाब. हां, ती दाब मोजायची पाऱ्याची नळी फुटली होती ना. पारा पूरा खाली. हाती आला तेवढा मी उचलला. बाकी जमिनीच्या फळ्यांच्या फटीत गेला. सर म्हणाले, रहने दे, नंतर बघू."

प्लेटी खराब होऊ नयेत म्हणून खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं. दार बंद. आत भट्टीसारखी ऊब, पाऱ्याची वाफ व्हायला पुरेशी. आणि नायट्रोजन तरी आम्ही कुठून आणत होतो? त्याच खोलीतली हवा तापलेल्या तांब्यावरून न्यायची, प्राणवायू तिथे अडतो, उरलेलं नळीत. म्हणजे यांच्या छातीत जात होतं तेच नळीत जात होतं. नळीने पाच महिने लिहून दिलं, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं ते गाळत बसलो.

हरीने टेबलाखालची एक फळी उचकटली. खाली रुपेरी मणी दाटीवाटीने बसले होते. शेजारीच कमलची चिंध्यांची बाहुली.

"बेबी इथेच बसते," हरी म्हणाला. "खाली ठंडक असते ना."

संध्याकाळी मी वही यांच्यापुढे ठेवली. दोन्ही बाजू वाचल्या. वही मिटली.

"तीनच प्लेटी राहिल्यात, सुलू. जूनअखेर प्रबंध जायचाय."

"खोली बंद करायची."

"तीन फक्त. कमलला नाही नेणार."

"मोजणार कोण? मी मोजणार नाही."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मला वाटलं, जागरणाने होतंय," म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्यापुढे सरकवली. प्रबंध अजून कपाटात आहे.

महूचे डॉक्टर पूर्वी फौजेत होते. त्यांनी पाऱ्याने थरथरणारे हात पाहिले होते. यांना म्हणाले, "थोडं सुधारेल. पहिल्यासारखं होईल असं नाही सांगत." कमलला उभं केलं, बोटं पसरायला लावली. "हिचं आज काही दिसत नाही. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवते. रोज संध्याकाळी फुलपात्र काठोकाठ भरून तिच्या हातात देते. स्वयंपाकघरातून बाबांपर्यंत न्यायचं, न सांडता. तिला तो खेळ वाटतो. जीभ बाहेर काढून, पाय मोजत चालते. हे खुर्चीत बसून तिच्याकडे नाही, पाण्याकडे बघत असतात. फुलपात्र यांना धरवत नाही, म्हणून तीच ओठांना लावते.

काल उंबऱ्याशी दोन थेंब सांडले.

"उंबरा उंच आहे," हे म्हणाले.

"हो, उंचच आहे," मी म्हटलं.

मग वही काढली, तारीख घातली, आणि तारखेपुढे लिहिलं: दोन.